वाद्यांची किंमत छापली, जुळणी राहून गेली

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गिटारींच्या लिलावांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. ‘पिंक फ्लॉइड’ या रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या १२० हून अधिक गिटारी जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीज या लिलावगृहाने विकल्या व त्यांचे मिळून सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर आले, त्यांतली काळी स्ट्रॅटोकास्टर एकटीच ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, आणि पुढच्याच वर्षी ‘निर्वाणा’चे गायक कर्ट कोबेन यांच्या १९५९ सालच्या मार्टिन गिटारीला ६० लाख १० हजार डॉलर मिळाले, हे लेखातील सारे आकडे बरोबर आहेत. माझे म्हणणे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. अमेरिकेत ज्याला ‘रूट्स’ संगीत म्हणतात, म्हणजे ब्लूज, डोंगराळ भागातील बँजो आणि फिडलची गाणी, चर्चमधील गॉस्पेल, हवाई बेटांचे संगीत, टेक्सास-मेक्सिको सीमेवरचे अकॉर्डियनचे संगीत, ते आयुष्यभर वाजवणाऱ्या बुजुर्ग गिटारवादकांच्या संग्रहांचा निकाल तेथे दोन वाक्यांत लावला आहे. नाव आणि पैसा मिळाल्यावरही ही माणसे कारखान्यांत घाऊक बनलेली, जोडाजोड केलेली स्वस्त वाद्ये जमवत राहिली, हा त्यांचा लहरीपणा होय, असा त्या वाक्यांचा अर्थ होतो. मी स्वतः गेली कित्येक वर्षे गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत आलो आहे, आणि या मंडळींच्या ध्वनिमुद्रिकांवरच माझा कान तयार झाला आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

राय कूडर यांच्यापासून सुरुवात करतो, कारण ‘जोडाजोड’ हा शब्द बहुधा त्यांच्या गिटारीला उद्देशून असावा. १९४७ साली लॉस एंजेलिस येथे जन्मलेले हे वादक साठच्या दशकात ताज महाल या गायकाच्या जोडीने ‘रायझिंग सन्स’ या वाद्यवृंदात वाजवत होते, आणि त्याच ताज महाल यांच्याबरोबर २०२२ साली केलेल्या ध्वनिमुद्रिकेला पारंपरिक ब्लूजचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एवढ्या दीर्घ काळात त्यांच्या हाती असंख्य वाद्ये आली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गिटार मात्र ‘कूडरकास्टर’ हीच. तिचे अंग फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरचे आहे. घोडीजवळचा, म्हणजे तारा ज्या आधारावर टेकतात त्याच्याजवळचा, पिकअप सुप्रो नावाच्या, मांडीवर ठेवून वाजवायच्या एका जुन्या स्टील गिटारीतून काढून बसवलेला आहे, आणि दांडीजवळचा पिकअप टेस्को या जपानी बनावटीच्या स्वस्त गिटारीतला, सोनेरी पत्र्याने मढवलेला आहे. हा दुसरा पिकअप त्यांना डेव्हिड लिंडली या मित्राने दिला. मोठ्या कंपनीच्या चांगल्या वाद्यातील मूळचे भाग काढून त्यांच्या जागी हे दोन उपरे भाग बसवण्यामागे काय विचार होता, हे लेखकाने विचारायला हवे होते. लहर म्हटले की प्रश्नच संपतो.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याला लागून तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि तोच पुढे मोठा करून ऐकवला जातो. चुंबक कोणता, वेढे किती आणि ते रुंद पसरलेले आहेत की उंच रचलेले, एवढ्यावरून आवाजाची जात ठरते. सुप्रोचा तो पिकअप मुळात हवाई पद्धतीच्या वाद्यासाठी घडवला होता. मूळ वाद्यावर तारा त्याच्या वरून जात नाहीत. चौकटीत शिरून आरपार निघतात, त्यामुळे तारेचे कंपन त्याला फार जवळून आणि भरघोस मिळते. काचेच्या नळीने तारेवरून सरकताना आपल्याला हवी असते ती आस, म्हणजे छेडल्यानंतर मागे रेंगाळणारा नाद, आणि तो नाद गाणाऱ्या गळ्यासारखा मधल्या पट्टीत भरलेला हवा असतो. सुप्रोचा पिकअप ते काम करतो. सोनेरी पत्र्याचा टेस्को पिकअप त्याच्या उलट हलका आणि मोकळा आहे, आणि लाकडावर बोट टेकल्याचीही त्याला जाणीव होते. एकाच अंगावर हे दोन स्वभाव हवे होते आणि असे वाद्य कोणत्याही दुकानात मिळत नव्हते, म्हणून ते जुळवावे लागले. एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ हीदेखील तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरांचे भाग एकत्र करून बनली होती. २००४ साली ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली गेली, तेव्हा तिला कोणी ठिगळाचे वाद्य म्हटले नाही.

आता या स्वस्त म्हटल्या गेलेल्या वाद्यांचे कुळ पाहावे. हवाई बेटांवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गिटार मांडीवर ठेवून पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याची रीत पडली. तिचे श्रेय सहसा ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे संगीत लाखो लोकांच्या कानी पडले, आणि पुढे कितीतरी वर्षे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचे वेड टिकले. लॉस एंजेलिस येथे हर्मन वाइसनबॉर्न या जर्मनीहून आलेल्या कारागिराने विसाच्या दशकात कोआ लाकडाच्या गिटारी घडवल्या. त्यांची दांडीसुद्धा आतून पोकळ असल्याने स्वर शेपटापासून थेट डोक्यापर्यंत घुमतो. परंतु सभागृहात शिंगवाद्यांसमोर लाकडी गिटार ऐकू जात नसे. या अडचणीवर जॉन डोप्येरा यांनी जॉर्ज बोशॅम्प यांच्या सांगण्यावरून जो उपाय काढला, तो मला आजही थक्क करतो. त्यांनी गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले, घोडीचे कंपन त्या शंकूंवर सोडले आणि वाद्याचे अंग जर्मन सिल्व्हरचे केले. म्हणजे विजेवाचून चालणारा ध्वनिवर्धकच गिटारीच्या पोटात आला. १९२७ साली नॅशनल कंपनीची ही वाद्ये बाजारात आली. थोड्याच काळात भागीदारांचे बिनसले, डोप्येरा वेगळे झाले आणि भावांसह त्यांनी ‘डोब्रो’ काढली. डोप्येरा ब्रदर्स या नावाचे ते लघुरूप आहे, आणि त्यांच्या स्लोव्हाक मातृभाषेत डोब्रो म्हणजे ‘चांगले’ असाही अर्थ होतो. मंदी आली तेव्हा नॅशनलने साध्या पोलादी पत्र्याची एका शंकूची ‘डुओलियन’ साडेबत्तीस डॉलरला विकायला काढली. दक्षिणेतील कितीतरी ब्लूज गायकांना परवडली ती हीच.

याच मंडळींच्या वर्तुळातून १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ आली. विजेच्या पिकअपवर चालणारी आणि व्यापारी प्रमाणावर विकली गेलेली ती पहिली गिटार समजली जाते, आणि तीही मांडीवर ठेवून वाजवायची हवाई गिटारच होती, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढे नॅशनल आणि डोब्रो पुन्हा एक होऊन शिकागोला गेल्या, १९४२ मध्ये तिथून व्हॅल्को कंपनी निघाली, आणि सुप्रो हे व्हॅल्कोचे स्वस्त नाव झाले. कूडर यांच्या घोडीजवळ बसलेल्या त्या पिकअपपर्यंत आपण असे येतो. हवाई बेटांपासून शिकागोच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास तळहाताहूनही लहान अशा त्या तुकड्यात आहे, आणि वादकाने तो ओळखून आपल्या गिटारीत बसवला. संग्रह करणे म्हणतात ते याला.

स्वस्ताईचा मुद्दा येथेच घेतो. सीअर्ससारख्या पेढ्या टपालाने वस्तू विकत. त्यांच्या जाडजूड सूचिपत्रांतून शेतांवर आणि कापसाच्या मळ्यांवर राहणाऱ्या माणसांनी गिटारी मागवल्या. सीअर्सने तर १९१६ मध्ये शिकागोची हार्मनी ही कंपनीच विकत घेतली होती. न्यू जर्सीतील ऑस्कर श्मिट यांच्या कारखान्यातून ‘स्टेला’ या नावाची वाद्ये निघत. लेडबेली या ब्लूज गायकाची गडगडणारी बारा तारांची गिटार स्टेलाच होती. या वाद्यांच्या तबलीखाली, म्हणजे पुढच्या फळीखाली, आधाराच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लावलेल्या असतात, महागड्या मार्टिनसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या नसतात. ते करायला सोपे आणि स्वस्त होते, हे खरे आहे. पण त्यामुळे नाद पटकन उमटतो, पटकन विरतो आणि आवाजात एक कोरडा, बोलका कडकपणा येतो. अंगठ्याने ठेका धरून त्यावर गाणाऱ्याला हेच हवे असते, कारण आधीचा स्वर पुढच्या शब्दावर सांडत नाही. ज्या तबकड्या ऐकून कूडर आणि लिंडली यांची पिढी लॉस एंजेलिसच्या ‘ॲश ग्रोव्ह’ या संगीतगृहात वाढली, त्यांतल्या पुष्कळ तबकड्यांवर असलीच वाद्ये वाजलेली आहेत. तो आवाज हवा असेल तर पन्नासपट किंमतीचे वाद्य आणूनही तो मिळत नाही.

डॅनइलेक्ट्रोची गोष्ट याहून बोलकी आहे. नेथन डॅनियल या कल्पक माणसाने पन्नाशीच्या दशकात मऊ लाकडाच्या चौकटीवर हार्डबोर्डचे पत्रे चिकटवून गिटारी बनवल्या, आणि पिकअपची आवरणे म्हणून चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या वापरल्या. सीअर्ससाठी तो हीच वाद्ये ‘सिल्व्हरटोन’ या नावाने पुरवत असे. साठच्या दशकातील एका प्रकारात तर गिटारीच्या पेटीतच छोटा अँप्लिफायर आणि स्पीकर बसवलेला होता. पेटी उघडली, वायर जोडली, की मूल वाजवायला बसे. डॅनियल यांनी कमी पैशांत उत्तम आवाज देण्याचा प्रश्न बुद्धीने सोडवला होता. त्या पिकअपचा झगझगीत, स्वच्छ स्वर आजही मागितला जातो, आणि त्यांच्या नकला नव्याने बनवून विकल्या जातात.

डेव्हिड लिंडली यांच्याबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण आपल्या लेखात त्यांचे नावच नाही. मार्च २०२३ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी ते वारले. जॅक्सन ब्राउन या गायकाच्या साथीला त्यांनी मांडीवरच्या स्टील गिटारीवर जे वाजवले ते जगभर ऐकले गेले; पण त्यांचा पसारा त्याहून फार मोठा होता. तरुणपणी टोपांगा येथील बँजो आणि फिडलच्या स्पर्धेत ते पुन्हा पुन्हा जिंकत. पुढे वाइसनबॉर्न, ग्रीक बुझुकी, अरबी ऊद, तुर्की साझ अशी वाद्ये त्यांनी नुसती जवळ ठेवली नाहीत, मैफलीत वाजवली. १९९१ साली ते हेन्री कायझर या गिटारवादकासह मादागास्करला गेले आणि तेथील वादकांबरोबर बसून ध्वनिमुद्रण करून आले. ज्याला ऊद आणि साझ वाजवता येते, त्याला दांडीच्या पडद्यांमधल्या जागांतही स्वर असतात हे कळलेले असते, आणि स्टील गिटारीवर तो माणूस त्याच जागांवर थांबतो. त्यांच्याकडची प्रत्येक स्वस्त गिटार या कानाने निवडलेली होती. अशा माणसाच्या संग्रहाचा अंदाज वाद्यांवरच्या कंपनीच्या पाट्या वाचून येणार नाही.

लेखात अँप्लिफायरांचा उल्लेख ‘इतर सामान’ एवढाच आहे, आणि हे मला सर्वांत खटकले. विजेच्या गिटारीत निम्मे वाद्य अँप्लिफायर असते. जुन्या व्हॉल्व्हच्या लहान अँप्लिफायरात तार जोराने छेडली की आतला दाब क्षणभर पडतो, आवाज दबतो आणि मग फुगून वर येतो. सतारीवर मींड घेताना जसा स्वर श्वास घेतल्यासारखा वाटतो, तसे काहीसे येथे विजेतून घडते. मोठ्या, ताकदवान अँप्लिफायरात हे घडत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी अनुभवी वादक बहुधा लहानसाच ठेवतात. लिंडली यांच्याकडे अलेक्झांडर डंबल यांनी बनवलेले अँप्लिफायर होते. डंबल प्रत्येक यंत्र हाताने बनवत, ते घेणाऱ्याचे वाजवणे ऐकून त्याच्यासाठी त्याची जुळणी करत, आणि आतली रचना कोणी उचलू नये म्हणून भागांवर राळेसारखे रसायन ओतून ठेवत. २०२२ च्या जानेवारीत तेही गेले. अशा यंत्राचे मोल ते कोणाच्या हातासाठी जुळवले होते त्यात आहे, आणि ते कागदावर कोठे लिहिलेले नसेल तर पुढच्या मालकाकडे केवळ एक दुर्मीळ पेटी जाते.

येथे माझा एक अनुभव सांगतो. माझा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरघरू लागला म्हणून मी दुरुस्तीला दिला. दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी सुकलेले कपॅसिटर बदलले, ते योग्यच होते, परंतु स्पीकरचा कागदी शंकू कडेला फाटलेला दिसला म्हणून त्यांनी न विचारता नवा, अधिक ताकदीचा स्पीकर बसवला आणि जुना टाकून दिला. घरघर गेली. त्याबरोबर वरच्या सप्तकातला तो किंचित खरखरीत गोडवाही गेला, आणि तो मला पुन्हा कधी मिळाला नाही. त्यांचा हेतू चांगलाच होता. जुन्या स्पीकरचे नाव आणि क्रमांकही मी टिपून ठेवले नव्हते, ही चूक माझी. यामुळेच नोंदीबद्दल मी इतका आग्रही झालो आहे.

लिलावाच्या सूचीत वाद्याचा अनुक्रमांक असतो, लाकूड असते, ओरखड्यांची छायाचित्रे असतात, ते कोणत्या मंचावर वाजले हेही असते. जुळणी मात्र क्वचितच असते. काचेची नळी करंगळीत घालून वाजवायचे तर तारा पडद्यांपासून थोड्या उंच हव्यात, नाहीतर काच पडद्यांवर आपटते; त्यासाठी मेरू, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, आणि घोडी उंच केलेली असतात. तारा साध्या मापाच्या चालत नाहीत. गिटार नेहमीच्या स्वरांत न ठेवता ‘ओपन डी’मध्ये उतरवली, की सहापैकी चार तारा सैल होतात आणि मोकळ्या तारांवर खालून वर सा प सा ग प सा असे स्वर मिळतात. ‘ओपन जी’मध्ये हेच प सा प सा ग प असे होते. सैल झालेल्या तारेत जोर राहावा म्हणून ती जाड घ्यावी लागते, जाड तारेमुळे पिकअपची उंची बदलते, आणि पिकअप बदलला की अँप्लिफायरवरची मात्रा बदलते. ही एक साखळी आहे. विकायची म्हणून उतरवलेली, तारा काढून पेटीत ठेवलेली गिटार पाहून यातले काहीही कळत नाही, आणि एखाद्या हौशी मालकाने ‘मूळ स्थितीत’ आणण्यासाठी उंच मेरू काढून टाकला, तर त्या वादकाने आयुष्यभर शोधून काढलेली गोष्ट अर्ध्या तासात नाहीशी होते.

या साखळीत ध्वनिमुद्रणाची खोलीही येते, हे सांगायला एक उदाहरण पुरे आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये कूडर आणि पंडित विश्वमोहन भट्ट कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात वाजवायला बसले. दोघांची प्रत्यक्ष भेट त्याआधी अर्ध्या तासापूर्वीची. भट्ट यांची मोहनवीणा ही कमानदार तबलीची गिटारच. तिला तरफेच्या बारा तारा चढवून ती त्यांनी आपल्या रागसंगीतासाठी घडवली. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते आणि कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा योआकिम दुंबेक हे अरबी तालवाद्य वाजवत होता. व्हॉल्व्हवर चालणारी यंत्रणा आणि अगदी मोजके मायक्रोफोन एवढ्यावर ते टिपले गेले. १९९४ साली त्याला ग्रॅमी मिळाले. काचेची नळी आणि पोलादी कांडी यांचे स्वर तेथे एकमेकांत इतके मिसळतात की कधी कधी कोणते कोणाचे हे ओळखायला कान द्यावा लागतो, आणि तरफा मागून घुमत राहतात त्या प्रार्थनागृहाच्या घुमण्यात मिसळून. भट्ट यांनी वाद्य बदलून घेतले याबद्दल आपण त्यांचा गौरव करतो. कूडर यांनी तेच केले, तर त्यास लहर म्हणणे न्याय्य नाही.

लिलावच नकोत, असे मला म्हणायचे नाही. गिलमोर यांनी सारी रक्कम हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला दिली. शिवाय किंमत वाढली की वाद्य अडगळीत कुजत नाही, हेही खरे. संग्रहालयांचेही मोठे काम आहे. कंट्री संगीताच्या गायिका मदर मेबेल कार्टर यांनी १९२८ साली २७५ डॉलरला घेतलेली गिब्सन एल-५ गिटार आणि ब्लूग्रास वादक बिल मनरो यांचे ९ जुलै १९२३ ही तारीख असलेले मँडोलिन ही दोन्ही नॅशव्हिल येथील कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये सुरक्षित आहेत. मनरो यांचे ते मँडोलिन १९८५ मध्ये कोणीतरी घरात शिरून फोडले होते, आणि गिब्सनच्या कारागिरांनी त्याचे तुकडे पुन्हा जोडले. त्यानंतरही मनरो ते वाजवत राहिले. परंतु संग्रहालयाचे दार उघडते ते नामांकित वाद्याला. हार्डबोर्डची सिल्व्हरटोन, फाटक्या शंकूचा छोटा अँप्लिफायर, लाकडी खोक्यातले सुटे पिकअप, निरनिराळ्या जाडीच्या काचेच्या नळ्या, हे सारे वादकाच्या मागे घर आवरताना पहिल्यांदा बाहेर जाते. सरसाने जोडलेली जुनी लाकडी वाद्ये उष्णतेने आणि दमटपणाने सांध्यांत सुटतात, सेल्युलॉइडच्या पट्ट्या जुन्या झाल्या की आम्ल सोडून जवळच्या धातूला गंज चढवतात. महाग वाद्यासाठी कोणीतरी हे पाहते, स्वस्तासाठी कोणी पाहत नाही. लाकडाचे नियमही माहीत हवेत. ब्राझीलचा रोजवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे त्या लाकडाची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची मार्टिन कागदपत्रांशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि वारसांना हे बहुधा उशिरा कळते.

म्हणून माझी विनंती अशी की, यापुढे अशा संग्रहावर लेख आला तर किंमतीच्या शेजारी त्या वाद्यावर तारा कोणत्या होत्या, ते कोणत्या स्वरांत लावलेले असे, कोणत्या अँप्लिफायरातून वाजे आणि कोणत्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते, एवढी चार वाक्ये छापावीत. वाचकाला मग ती ध्वनिमुद्रिका लावून स्वतः ऐकता येईल. कूडर यांचे १९८४ सालच्या ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्यासाठी चांगले आहे. ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गॉस्पेल गायकाने ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे मुद्रित केलेल्या एका शब्दहीन धार्मिक गाण्यावर ते आधारलेले आहे. आधी ती जुनी तबकडी ऐकून मग हे ऐकले, तर नळीखालच्या तारेचा तो हुंकार पन्नासहून अधिक वर्षांनी पुन्हा हाती येण्यासाठी किती शोध घ्यावा लागला असेल, याची कल्पना येते.

दोन दुरुस्त्याही कृपया छापाव्यात. लेखात ‘स्टील गिटार’ याचे भाषांतर ‘पोलादी गिटार’ असे केले आहे. या वाद्याला ते नाव डाव्या हातातील पोलादी कांडीवरून पडले, वाद्य लाकडाचे असले तरी ते स्टील गिटारच असते. आणि पान तीनवरील छायाचित्राखाली ‘डोब्रो’ असे छापले आहे, ते चूक आहे. डोब्रो बहुतेक लाकडी अंगाची असते आणि तिच्यात एकच शंकू वाटीसारखा उलटा बसवलेला असतो. छायाचित्रातील गिटारीचे अंग धातूचे आहे, आणि घोडीवरचे झाकण इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे स्पष्ट दिसते. ती तीन शंकूंची नॅशनल ट्रायकोन आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक